धक्के कोण खातो?

एस.टी.च्या अगदी शेवटच्या बाकावर बसून तुम्ही कधी ना कधी प्रवास केला असेलच. खड्डा आला की पुढचे प्रवासी नुसती मान हलवतात आणि मागचे मात्र बाकावरून वीतभर उडतात. आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. सकाळी शाळा-कचेरीच्या वेळी खच्चून भरलेली गाडी कमी आदळते. तीच गाडी दुपारी रिकामी परतते तेव्हा तिचा पत्रा न् पत्रा वाजत असतो. रस्ता तोच, गाडी तीच, चालकही तोच. मग असे का व्हावे?

हा प्रश्न मी माझ्या वर्गात कित्येक वर्षे विचारत आलो आहे. पण त्याचे उत्तर माझ्या स्वतःच्या खिशाशी आणि जिवाशी येऊन भिडले ते एका जुन्या मोटारीमुळे. त्याची हकीकत सांगतो.

माझे घर बोर्ली पंचतनला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या शेजारी. नोकरी मात्र मुंबईजवळच्या एका महाविद्यालयात. आई गावीच असते आणि तिला डोळे दाखवायला अधूनमधून माणगावला न्यावे लागते. एस.टी.च्या धक्क्यांनी तिची कंबर धरते, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मी शहरातल्या एका विक्रेत्याकडून आठ वर्षे वापरलेली एक लहान मोटार घेतली. सोबत सहा महिने किंवा साडेसात हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवरची हमी होती. मी रंग पाहिला, आसने पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि सही केली. दोलनांचा धडा शिकवणाऱ्या मास्तराने गाडीचा एक कोपरा हाताने दाबून सोडून पाहिला नाही! हमीचा कागद तर घडी न उलगडताच कप्प्यात ठेवला.

नाताळच्या सुटीत आईला घेऊन माणगावहून म्हसळ्यामार्गे बोर्लीला येत होतो. पुढच्या डाव्या चाकाकडून बारीक ‘कट् कट्’ असा आवाज आठवडाभर येतच होता. म्हसळा सोडल्यानंतर उताराच्या एका वळणावर रस्ता थोडा उखडलेला होता. मी ब्रेक दाबला, चाक तडतडले आणि गाडी वळायच्याऐवजी हातभर बाहेरच्या अंगाला सरकली. समोरून काही येत नव्हते म्हणून निभावले. आई एवढेच म्हणाली, “अरे, हळू.”

मी मनात दोन्ही गोष्टींची सांगड घालून टाकली. आवाज येतो आहे, म्हणजे तोच भाग बिघडला आहे आणि म्हणूनच गाडी सरकली. ही सांगड चुकीची होती. ती कशी, हे कळण्यासाठी आधी चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये काय काय असते ते पाहू.

बैलगाडीत यांच्यामध्ये काहीच नसते. चाक दगडावर चढले की साटी चढते आणि साटीबरोबर आपणही चढतो. म्हणून तर बैलगाडीत पेंढा अंथरतात. घोडागाड्यांना पोलादी पट्ट्यांच्या कमानी बसवण्याचे पेटंट लंडनच्या ओबादिया इलियट याने १८०४ मध्ये घेतले. अशा कमानींना आपल्याकडे कारागीर पाटे म्हणतात. ट्रकच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले पाटे तुम्ही पाहिले असतील. आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी मोटारींनाही मागे पाटेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अभियंता मॅक्फर्सन याने गुंडाळीची स्प्रिंग आणि तिच्या पोटातून जाणारी तेलाची नळी यांचा मिळून एकच खांब केला. त्याला स्ट्रट म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिच्या पुढच्या चाकांना असाच स्ट्रट होता आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींनाही तो असतो. माझ्या गाडीलाही होता.

या खांबातले दोघे सोबती दोन निरनिराळी कामे करतात आणि त्यांच्या नावांनी मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तेलाच्या नळीला शॉक अॅबसॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा, असे नाव आहे. गॅरेजमध्ये त्याचे झाले शॉकअप. पण धक्का शॉकअप खातच नाही, तो खाते स्प्रिंग! चाक उंचवट्यावर चढते तेव्हा स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते. मात्र स्प्रिंगला ही ऊर्जा पचवता येत नाही. ती लगेच परत देते, गाडी वर फेकली जाते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर. हे नाचणे थांबवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात बारीक भोके असलेला दट्ट्या वरखाली होतो. त्या भोकांतून तेल रेटताना ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. स्प्रिंग खाते, शॉकअप पचवतो.

एक छोटा हिशेब करू. समजा, लहान मोटारीच्या पुढच्या एका चाकावर सांगाड्याचे २५० किलोग्रॅम वस्तुमान पेलले आहे आणि स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते. २५० किलोग्रॅमचे वजन सुमारे २,४५० न्यूटन. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग सव्वाबारा सेंटिमीटर दबलेली असते. जितके बल दुप्पट तितकी लांबीतली वाढ वा घट दुप्पट, हा नियम रॉबर्ट हुक याने शोधला. गंमत म्हणजे १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि उत्तर सांगितले १६७८ मध्ये. शोध आपल्या नावावर राहावा आणि दुसऱ्याला कळूही नये, अशी ती युक्ती!

आता हे सव्वाबारा सेंटिमीटर मीटरमध्ये लिहा, म्हणजे ०.१२२५. त्याला ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने गुणा. उत्तर येते ०.७ सेकंद. हा गाडीच्या एका वरखाली दोलनाचा आवर्तकाल. यात वस्तुमान वेगळे घालावे लागले नाही, हे ध्यानात आले का? सूत्र ओळखीचे वाटत असेल तर बरोबर आहे. सव्वाबारा सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकालही नेमका एवढाच असतो. दोऱ्याला खडा बांधून दहा झोके मोजा, सात सेकंद लागतील.

बहुतेक मोटारींचा आवर्तकाल पाऊण ते एक सेकंदाच्या आसपास ठेवतात. स्प्रिंग फार मऊ केली तर तो वाढत जातो आणि वेगळीच पीडा सुरू होते. चार-पाच सेकंदांना एकदा असे सावकाश वरखाली होणे आपल्या शरीराला मुळीच मानवत नाही, पोटात ढवळते. दिघीहून आगरदांड्याला पाण्यावरून जाताना खाडीच्या तोंडाशी लाटांवर ज्यांना ‘बोट लागते’, त्यांना या सावकाश दोलनांचीच बाधा झालेली असते.

आता एस.टी.चे कोडे सोडवता येईल. भरलेल्या गाडीचा भार पेलायचा म्हणून तिचे पाटे मुळातच कडक असतात. उंचवट्याने पाटे ठरावीक अंतर दाबले की ठरावीक बल उत्पन्न होते. ते बल भरलेल्या गाडीच्या मोठ्या वस्तुमानाला थोडा प्रवेग देते आणि रिकाम्या गाडीच्या लहान वस्तुमानाला जास्त. म्हणून रिकामी गाडी आदळते. आणि शेवटचे बाक मागच्या आसाच्याही पलीकडे असते. त्यामुळे मागचे चाक उचलले की ते टोक तरफेसारखे आणखीच वर जाते.

शॉकअपचे काम घरी पाहायचे असेल तर असे करा. चार-पाच रबरबँड एकमेकांत अडकवून साखळी करा. खाली लिंबाएवढा दगड बांधा आणि दगडाखाली डब्याचे एक लहान पत्र्याचे झाकण आडवे लटकवा. थोडे ओढून सोडा आणि दगड किती वेळा वरखाली होतो ते मोजा. आता झाकण बादलीतल्या पाण्यात बुडेल असे धरून तेच करा. मग झाकणाला खिळ्याने भोके पाडत जा आणि दर खेपेला मोजा. भोके वाढली की दोलने वाढतात. आई रागावणार नसेल तर पाण्याऐवजी खोबरेल तेल वापरून पाहा. (थंडीत नको. आमच्याकडे जानेवारीतल्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते. शॉकअपचे तेल असे वागून चालत नाही. थंडीत आणि गरम झाल्यावरही त्याचा दाटपणा फारसा बदलू नये, असेच ते निवडावे लागते.)

झाकणाच्या या प्रयोगात भोके मोठी होणे म्हणजे शॉकअप झिजणे. पाणी सांडून झाकण अर्धे उघडे पडणे म्हणजे शॉकअप गळणे. दट्ट्याचा दांडा जिथून नळीत शिरतो तिथे एक रबरी सील असते. दांड्याला गंज चढला किंवा धुळीचे कण घुसले की ते सील फाटते आणि तेल हळूहळू बाहेर येऊ लागते. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा. पत्र्याची पन्हळ जिथे भराभर गंजते तिथे चाकाशेजारच्या लोखंडाची काय कथा! स्प्रिंगवरचा रंग खडी लागून उडाला की तिथे गंजाचा खळगा पडतो, त्या खळग्याशी ताण एकवटतो आणि लाखो वेळा दबून-सुटून एखाद्या दिवशी स्प्रिंगचा वेढाच तुटतो. जुनी गाडी कुठल्या गावी वापरली गेली हे म्हणूनच विचारावे.

पण शॉकअप गळला तर गाडी जरा जास्त डुलेल, त्यात जिवाला धोका तो काय? मलाही आधी तसेच वाटत होते. धोका सांगाड्याच्या डुलण्यात कमी आणि चाकाच्या नाचण्यात जास्त असतो. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि ती मोटारीच्या स्प्रिंगपेक्षा साधारण दहापट कडक असते. चाक, ब्रेक वगैरे मिळून ३० किलोग्रॅम धरले आणि वरच्या हिशेबातली स्प्रिंग व तिच्या दहापट कडक टायर असे दोन्ही घेतले, तर चाक एकटेच सेकंदाला तेरा-चौदा वेळा नाचू शकते. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर जाते. ११ ला साडेतेराने भागा. साधारण ८० सेंटिमीटर येतात. म्हणजे रस्त्यावर दर ८० सेंटिमीटरला एकेक लहान उंचवटा असेल तर चाकाला त्याच्या नेमक्या तालावर टोले बसतील. झोपाळ्याला वेळेवर झोके दिले की तो कसा चढत जातो! यालाच अनुस्पंदन म्हणतात. मुरमाच्या कोरड्या रस्त्यावर वाहनांच्या रहदारीने ज्या आडव्या सुरकुत्या पडतात त्यांच्यावर हे अनुभवायला मिळते.

शॉकअप धड असेल तर हे नाचणे जागच्या जागी जिरते. नसेल तर चाक क्षणभर रस्ता सोडते, क्षणभर त्यावर आपटते. घर्षण बल हे चाक रस्त्याला किती दाबते यावर अवलंबून असते. हवेतल्या चाकाला घर्षण शून्य. ब्रेक लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. कोणी म्हणेल, आपटते तेव्हा दाब दुप्पट होतो, मग भरपाई नाही का होत? होत नाही. टायरला पकड घ्यायला थोडे अंतर घरंगळत जावे लागते आणि तोवर चाक पुन्हा उडालेले असते.

आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की आत बसलेल्या माणसाला हे जाणवतही नाही. सेकंदाला चौदा वेळा होणाऱ्या लहान हालचालीला भारी सांगाडा दाद देत नाही. खाली चाक नाचत असते आणि वर आपण गप्पा मारत असतो. शॉकअप काही एका दिवसात गळत नाही. महिन्यामहिन्याने थोडाथोडा मऊ होत जातो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होते. हा मुका दोष आहे.

बोर्लीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी गाडी गावातल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाकापाशी वाकून पाहिले, बोट फिरवले आणि मला दाखवले. बोटाला तेल होते. मी म्हटले, “मिस्त्री, आजच खोलून टाका.” ते म्हणाले, “सर, हमी आहे ना? मग आत्ता खोलू नका. आधी कागद वाचा.”

तेव्हा कुठे मी तो कागद उलगडला. त्यात दोन याद्या होत्या. रबरी बुश, जोड-दांड्या, ब्रेकचे पॅड, टायर हे झिजणारे भाग हमीबाहेर. शॉक अॅबसॉर्बर हमीत, पण ‘तेलगळतीमुळे निकामी झाल्यास’. साध्या झिजेने मऊ झाला तर नाही. बिघाड लक्षात आल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचे आणि त्यांच्या माणसाने पाहण्याआधी बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द. मिस्त्रींनी माझे ऐकले असते तर त्या दुपारीच हमी संपली असती.

माझा मामला असा होता की दोष ‘गळती’ की ‘झीज’ यावर सगळे ठरणार होते, आणि फोनवर विक्रेत्याचा माणूस ऐकण्याआधीच म्हणाला, “आवाज येतोय म्हणजे बुश असणार. बुश हमीत नाही, सर.” तो अगदीच चुकीचे बोलत नव्हता! मीच तर आवाजाची तक्रार केली होती. मग मी ठरवले की आवाजाविषयी बोलायचे नाही, मोजायचे.

सपाट जागी गाडी उभी केली. चारही टायरांत ठरलेली हवा भरली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजली. डावीकडे ३६८ मिलिमीटर, उजवीकडे ३७१. (जमिनीपासून मोजले असते तर टायरच्या हवेचा फरक त्यात मिसळला असता.) तीन मिलिमीटर हा काही मोठा फरक नव्हे, म्हणजे दोन्ही स्प्रिंगा शाबूत. मग पत्र्यावर फूटपट्टी चिकटवली, समोर मोबाइल स्थिर ठेवला, शेजारच्या मुलाला पुढचा कोपरा दाबून एकदम सोडायला सांगितले आणि चित्रफीत काढली. ती सावकाश चालवून आकडे टिपले. उजवीकडे सोडताना कोपरा ३० मिलिमीटर खाली होता, एका पूर्ण दोलनानंतर ५, आणि मग स्थिर. डावीकडे ३०, मग १६, मग ८, मग ४. दर दोलनाला जवळपास निम्मी. अवमंदनाच्या धड्यात आपण जो वक्र काढतो तोच माझ्या दारात उभा होता.

ही दाबून सोडण्याची परीक्षा सर्वगुणसंपन्न नाही हे सांगायला हवे. रबरी जोडांचे घर्षणही दोलने थोडी जिरवते, त्यामुळे अर्धवट मऊ झालेला शॉकअप तिच्यातून सहज निसटतो. पार गेलेलाच तेवढा पकडला जातो. मोठ्या तपासणी केंद्रांत चाकाखालचा फलाट यंत्राने भराभर हलवतात आणि चाकाचा त्यावरचा दाब कमीत कमी किती होतो ते मोजतात. ती पद्धत खरी. पण बोर्लीत फूटपट्टी होती. तुम्ही ही परीक्षा करून पाहणार असाल तर घरचे मोठे माणूस सोबत घ्या, हातब्रेक लावा आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात घालू नका.

आता थोडे कायद्याविषयी. तुम्हाला वाटेल, भौतिकशास्त्राच्या मास्तराने यात का पडावे! पण आपल्या देशातला वस्तुविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि त्यातला एक भेद मला फार आवडला. व्यवहाराचा गाभा असते ती ‘अट’. ती मोडली तर घेणारा माल परत करू शकतो. गाभ्याच्या बाजूचे वचन म्हणजे ‘हमी’. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्याने माल नाकारता येत नाही. त्याच कायद्यात पुढे असेही आहे की त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे. मात्र घेणाऱ्याने ती तपासली असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता त्याविषयी हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे गाडी तपासायला गेलात तर डोळे उघडे ठेवून तपासा! शेजाऱ्याने आपली घरची गाडी विकली तर तो धंदा करणारा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातली एक सोय आमच्यासारख्या आडगावच्या लोकांच्या फार उपयोगाची आहे. विक्रेता शहरात असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. आमच्या रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष म्हणजे काय, हे अखेर तिथेही मोजमापानेच ठरते.

मला अलिबागला जावे लागले नाही. चौथ्या दिवशी मी विक्रेत्याला नोंदणी टपालाने पत्र पाठवले. त्यात गाडी घेतल्याची तारीख, त्या दिवशीचे आणि आजचे किलोमीटर, हमीपत्रातले कलम, वरचे आकडे आणि तेलाने ओल्या नळीची दिनांकासह छायाचित्रे. ‘आवाज’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता. जानेवारीत त्यांचा तपासनीस आला. त्याने नळी फडक्याने स्वच्छ पुसली, गाडी दहा किलोमीटर चालवायला लावली आणि पुन्हा पाहिली. नळीवर तेलाचा नुसता ओलसर थर दिसणे ही गळती नव्हे, थेंब ओघळला पाहिजे, असे त्याने मला समजावले आणि ते बरोबर आहे. थेंब ओघळलेला होता. डावा स्ट्रट हमीत बसला.

उजव्यावरून मात्र वाद झाला. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. डावीकडे नवा आणि उजवीकडे आठ वर्षांचा असला तर दोन बाजूंची दोलने निरनिराळ्या वेगाने विझतात आणि ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते. तपासनीस म्हणाला, “सर, तुमच्याच मोजणीत उजवा चांगला आहे.” माझ्याच आकड्यांनी मला गप्प केले. उजवा मी माझ्या पैशाने बदलला, ३,४०० रुपये पडले. स्ट्रट खोलला की चाकाचा कल बदलतो, म्हणून चाकांची जुळणी करून घ्यावी लागली ती वेगळी.

फेब्रुवारीत गाडी घेऊन बोर्लीला निघालो. म्हसळ्यापुढच्या त्याच वळणावर मुद्दाम तेवढ्याच वेगाने गेलो. गाडी रेघेवरून हलली नाही. आणि पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येत होता, ‘कट् कट्’!

मिस्त्रींनी चाकामागची एक वीतभर लांबीची दांडी धरून हलवली. तिच्या टोकाचा लहानसा गोळीचा सांधा सैल झाला होता. वळताना गाडी एका अंगाला कलू नये म्हणून जो आडवा दांडा असतो त्याला ती जोडलेली असते. ती सैल झाली की आवाज करते; चाकाच्या नाचण्याशी तिचा काही संबंध नसतो. दोन्ही बाजूंच्या मिळून ११०० रुपये झाले आणि अर्ध्या तासात काम आटोपले. हा भाग हमीबाहेरचा होता, म्हणजे फोनवरचा तो माणूस आवाजापुरता बरोबरच बोलला होता. आवाजाच्या मागे लागून मी सुरुवातीलाच ही दांडी बदलली असती तर गाडी शांत झाली असती, मी खूश झालो असतो आणि गळका शॉकअप तसाच राहून मे महिन्यात हमीची मुदत संपली असती. पुढे पावसाळा आणि ते वळण.

संध्याकाळी पुन्हा फूटपट्टी चिकटवून डावा कोपरा दाबून सोडला. ३०, मग ४, मग स्थिर. वहीत आधीच्या आकड्यांखाली तारखेसह लिहून ठेवले. ओटीवरून आई पाहत होती. “आता बोलत नाही ना रे ती?” तिने विचारले.